आडनाव पाहून सीव्ही बाजूला काढला, हे सिद्ध कसं करायचं?

मे २०१५ मध्ये मुंबईतल्या एका एमबीए झालेल्या तरुणाने हिरे निर्यात करणाऱ्या कंपनीत अर्ज केला. काही मिनिटांतच मेल आला: आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला आणि कंपनीने एका शिकाऊ कर्मचाऱ्यावर खापर फोडलं. मे २०२४ मध्ये गिरगावातल्या ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी लिंक्डइनवर जाहिरात आली, तिच्यात मराठी लोकांचं इथे स्वागत नाही असं चक्क लिहिलेलं होतं. गदारोळ झाला, माफीनामा आला.

ही दोन्ही प्रकरणं गाजली, कारण दोन्हीकडे लेखी वाक्य हाताशी होतं. एरवी असं कोणी लिहून देत नाही. मी काही वर्षं एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत सीव्ही चाळायचं काम केलं. क्लायंटची खरी मागणी जाहिरातीत नसायची, मेलवरही नसायची. ती फोनवर यायची. ‘जरा चांगल्या घरातली पोरं पाठवा.’ ‘टीम सगळी व्हेज आहे, तेवढं बघा.’ मग एक्सेलमध्ये सीटीसी (म्हणजे वर्षाचा एकूण पगार), नोटीस पिरियड, लोकेशन या रकान्यांनंतर शेवटी ‘रिमार्क्स’चा रकाना असायचा, आणि त्यात दोनच शब्द पडायचे: नॉट सुटेबल. फोन हवेत विरून जायचा आणि फाइलमध्ये तेवढे दोन शब्द उरायचे.

त्यामुळे ‘त्यांच्या मनात काय होतं’ हे सिद्ध करायच्या फंदात पडू नका. मन कोणाच्या फाइलमध्ये नसतं. सिद्ध करायची असते ती तफावत: जाहीर केलेला निकष एक आणि प्रत्यक्षात लागलेली चाळणी दुसरी. ती तफावत कागदावर आली की तिचं कारण देण्याची वेळ समोरच्यावर येते.

चार गोष्टी जुळल्या पाहिजेत

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मॅकडोनेल डग्लस विरुद्ध ग्रीन या वंशभेदाच्या खटल्यात एक सोपी शिडी घालून दिली. उमेदवार संरक्षित गटातला, म्हणजे कायदा ज्याला भेदभावापासून संरक्षण देतो अशा गटातला आहे. तो पदाच्या अटी पूर्ण करतो. तरी त्याला नाकारलं गेलं. आणि त्यानंतरही ती जागा रिकामीच राहिली, तेवढ्याच पात्रतेच्या माणसांचे अर्ज मागवणं चालू राहिलं. एवढं दाखवलं की मालकाने भेदभावाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं, आणि मग ते कारण बनावट आहे हे उमेदवाराने दाखवायचं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातलं १३६ वं कलमही पुराव्याचा भार असाच फिरवतं.

आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. तरीही तक्रार याच शिडीवर रचावी असं माझं मत आहे. आयोगाचा अधिकारी असो, एसीपी असो वा न्यायाधीश, ‘अन्याय झाला’ या वाक्यापेक्षा या चार पायऱ्या त्याला लवकर कळतात. आपल्या परिस्थितीत मी तिच्यात एक पायरी वाढवतो: तुमची ओळख त्यांना माहीत होती का? त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण बहुतेक तक्रारी तिथेच लंगड्या पडतात.

आधी दार ओळखा

पुरावा गोळा करण्याआधी आपलं प्रकरण कुठल्या दाराने आत जाणार ते बघा, कारण प्रत्येक दाराला पुरावा वेगळा लागतो.

सरकारी, निमसरकारी, महापालिका किंवा सार्वजनिक उपक्रमाची भरती असेल तर घटनेचं १६ वं कलम थेट लागू होतं. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभाव करता येत नाही. हे सगळ्यात रुंद दार.

खासगी कंपनी आणि उमेदवार अनुसूचित जातीचा असेल तर दोन कायदे आहेत. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं ४ थं कलम अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी आणणं हा गुन्हा ठरवतं, आणि त्याच कायद्याचं १२ वं कलम लोकांच्या सहसा लक्षातच येत नाही: गुन्हा ठरणारं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झालं असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करायचं ते आरोपीने. दुसरा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे ॲट्रॉसिटी. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इतरांसाठी खुल्या असलेल्या व्यवसायात किंवा नोकरीत अडवणं हा गुन्हा आला. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

नागालँड, मणिपूर किंवा मिझोरममधून मुंबईत आलेल्यांना इथले लोक कधीकधी सांगतात की तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही, ॲट्रॉसिटी लागणार नाही. हे चूक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की या कायद्याचं संरक्षण मूळ राज्यापुरतं मर्यादित नाही. आरक्षणाचा लाभ राज्याला बांधलेला असतो, अत्याचारापासूनचं संरक्षण तसं नसतं.

धर्म, प्रांत किंवा भाषा यांवरून खासगी कंपनीने डावललं असेल तर दार अरुंद आहे. अमुक समाजाला हक्क मिळू नये असं कोणी लिहिलं, बोललं किंवा छापलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं १९७ वं कलम बघता येतं. पूर्वीचं १५३-ब ते हेच. पण गुपचूप बाजूला काढलेल्या सीव्हीला ते पुरत नाही. तिथे अल्पसंख्याक आयोग आणि कंपनीचं स्वतःचं समान संधी धोरण यांच्या आधारानेच जावं लागतं. दिलासा कमी आहे, पण कागद नीट असला तर अगदीच शून्य नाही.

जाहिरात आजच्या आज उतरवून घ्या

जाहिराती गायब होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे बदलतात. ‘२ वर्षं अनुभव’ होता तिथे महिन्याभराने ‘४ वर्षं’ दिसतं. म्हणून अर्ज करतानाच पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वर लिंक आणि खाली तारीख-वेळ दिसेल असा. पानाची पीडीएफ काढा. वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती तारखेसह जपणाऱ्या संकेतस्थळावर, ते पान साठवलंत तर तारखेला त्रयस्थ साक्षीदार मिळतो.

तुम्ही पाठवलेला सीव्ही अगदी तोच, त्याच फाइलनावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यात नंतर सुधारणा करू नका. सुधारलेली प्रत दुसरी म्हणून ठेवा. मेलचा नुसता फोटो नको, मूळ मेल डाउनलोड करून ठेवा, म्हणजे त्याचे हेडर, म्हणजे मेल कुठून, कधी आणि कसा आला याच्या तांत्रिक नोंदी राहतात. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर चॅट एक्स्पोर्ट करा, आणि ज्या फोनवर ते झालं तो फोन विकू नका, रीसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण, लिहावी लागते. फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली तरी ती बदलू शकते, त्यामुळे मूळ प्रतीला हात लावू नये.

फोन रेकॉर्डिंगबद्दल सगळ्यांच्या मनात धाकधूक असते. तुम्ही स्वतः ज्या संभाषणात आहात ते तुम्ही रेकॉर्ड केलं तर ते केवळ त्या कारणाने पुराव्यातून बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा यावरचा निकाल मुंबईतूनच आलेला आहे: आर. एम. मलकानी हे इथले कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी होते, आणि लाचेच्या त्या प्रकरणात त्यांच्याशी बोलणाऱ्याच्या संमतीने टेप झालेलं टेलिफोनवरचं संभाषण ग्राह्य धरलं गेलं. दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टिपणं हा वेगळा आणि महागात पडणारा प्रकार आहे.

फोन आला आणि रेकॉर्ड झाला नाही तर? पाच मिनिटांत स्वतःलाच मेल करा. कोण बोललं, कुठल्या नंबरवरून, किती वाजता, शब्द काय होते. ‘जातीबद्दल काहीतरी विचारलं’ असं मोघम नको. ‘गाव कुठलं, तिथे कुठे राहता, म्हणजे वाड्यात का?’ हे शब्द जसेच्या तसे हवेत.

तुमची ओळख त्यांना कशावरून कळली?

समोरचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणणार: आमच्या अशिलाला अर्जदाराची जात माहीतच नव्हती. त्याला उत्तर तयार ठेवा. सीव्ही समोर घ्या आणि ओळख उघड करणाऱ्या प्रत्येक जागेवर खूण करा.

आडनाव तर आहेच. कांबळे आणि कुलकर्णी यांतला फरक मुंबईतल्या कुठल्याही रिक्रूटरला शिकवावा लागत नाही. पण आडनाव फसवंही असतं. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं अनेक जातींत आहेत, आणि केवळ त्यावर प्रकरण उभं केलं तर ते डळमळतं. मग दुसऱ्या खुणा बघा. शाळा-कॉलेजाचं नाव. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा उल्लेख. शिष्यवृत्ती. उर्दू माध्यम. ‘छंद’ या सदरात लिहिलेलं भीमजयंती समितीचं काम. फोटो, विशेषतः ईशान्येकडच्या उमेदवारांच्या बाबतीत. आणि या शहरात फार बोलका असलेला पत्ता. ४०००४३ हा पिनकोड पाहिल्यावर गोवंडी-शिवाजीनगर आठवत नाही असा एचआर मला भेटलेला नाही. ४०००१७ म्हणजे धारावी, ४००६१२ म्हणजे मुंब्रा. पत्त्यावरून चाळणी लावणारा माणूस स्वतःला जातीयवादी किंवा धर्मांध मानत नाही, तो म्हणतो ‘प्रवास लांबचा पडेल’. मग विचारायचं एवढंच, की तेवढ्याच लांबच्या बदलापूर-विरारवरून येणाऱ्यांना बोलावलं का?

उलट बाजूही सांगायला हवी. रात्रपाळीच्या नोकरीत कंपनीची गाडी ठरावीक पट्ट्यातच जात असेल आणि तसं जाहिरातीत लिहिलं असेल, तर पत्त्याची अट खरीच असू शकते. अशा प्रकरणात उगाच जोर लावू नका.

ओळख फोनवर उघड झाली असेल तर पुरावा जास्त भक्कम. आधी आत्मीयतेने बोलणं, मग ‘पूर्ण नाव काय?’, आणि त्यानंतर चिडीचूप. हा क्रम तारीख-वेळेसह मांडला की तो स्वतःच बोलतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या ८ व्या कलमात एक सोयही आहे: आरोपी पीडित व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल तर जात माहीत होती असं न्यायालय धरून चालतं. ओळखीतून, रेफरन्सने अर्ज गेलेला असेल तर हे कलम विसरू नका.

आणि सीव्ही उघडला तरी होता का? नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर अर्ज पाहिला गेला की नाही हे दिसतं. पाचशे अर्ज आले आणि पहिले साठच उघडले, तुमचा साडेतीनशेवा होता, तर आडनावाचा प्रश्नच आला नाही. उघडला गेला आणि त्यानंतर नाकारला गेला, तर त्या स्थितीचाही स्क्रीनशॉट हवा.

तुलनेला माणूस शोधा

शिडीची चौथी पायरी भक्कम करायला दुसरा उमेदवार लागतो. तुमच्याइतकीच किंवा कमी पात्रता, वेगळी ओळख, आणि त्याला बोलावलं. तो सापडतो कुठे? बहुतेकदा कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये. एकाच बॅचचे चारजण एकाच कंपनीत अर्ज करतात; कोणाला कॉल आला, कोणाला नाही, हे तिथे आपोआप कळतं. तीन-चार महिन्यांनी लिंक्डइनवर त्या पदावर कोण रुजू झालं तेही दिसतं, आणि त्याचा अनुभव त्यानेच लिहून ठेवलेला असतो.

तुलना करताना स्वतःशी कठोर व्हा. एक तक्ता करा: जाहिरातीतली अट, तुमची पात्रता, त्याची पात्रता. ज्या रकान्यात तो तुमच्यापुढे आहे तो लपवू नका. समोरचा तोच आधी काढणार आहे. तुलनेचा माणूस मिळालाच नाही तर जाहिरात पुन्हा येते का यावर लक्ष ठेवा. ‘योग्य उमेदवार मिळाले’ असं कळवून पंधरा दिवसांत तेच पद पुन्हा पोर्टलवर आलं, तर अर्धं काम झालंच.

आता विचारा, पण बेतानं

हे सगळं हातात आल्यावरच कंपनीला लिहायचं, आधी नाही. पहिल्या मेलमध्ये जात, धर्म, भेदभाव यांतला एकही शब्द नको. तो शब्द दिसताच मेल लीगलकडे जातो आणि तोंडं मिटतात. साधारण असं लिहा:

‘आपल्या अमुक तारखेच्या जाहिरातीनुसार मी अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज केला होता. जाहिरातीत बी.कॉम., टॅलीचं ज्ञान आणि जीएसटी रिटर्न भरण्याचा २ वर्षांचा अनुभव या अटी होत्या. मी त्या पूर्ण करतो. माझी निवड मुलाखतीसाठी झाली नाही. पुढच्या अर्जांत सुधारणा करता यावी म्हणून कोणत्या निकषावर अर्ज मागे पडला ते कळवावं ही विनंती. हे पद भरलं गेलं आहे का, तेही कळावं. आपल्या कंपनीचं समान संधी धोरण असल्यास त्याची प्रत मिळाल्यास आभारी राहीन.’

या मेलला तीनपैकी एक उत्तर येतं. काहीच न येणं. मग दहा दिवसांनी एक आठवण पाठवा आणि दोन्ही मेल जपून ठेवा. किंवा ‘जास्त अनुभवी उमेदवार मिळाले’. किंवा ‘कल्चर फिट वाटला नाहीत’, म्हणजे आमच्या वातावरणात बसणारे वाटला नाहीत. दुसरं उत्तर आलं तर आनंदच माना, कारण आता त्यांनी एक कारण लेखी दिलं, आणि ते तुमच्या तक्त्याशी ताडून बघता येतं. पुढे आयोगासमोर त्यांनी ‘पगाराची अपेक्षा जास्त होती’ असं दुसरं कारण सांगितलं, तर बदललेलं कारण हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात मौल्यवान पुरावा. मुलाखतच झाली नसताना ‘कल्चर फिट’ कळलं कसं, हाही चांगला प्रश्न आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांच्या अभ्यासात मोठ्या कंपन्यांचे एचआर अधिकारी आम्ही गुणवत्ताच बघतो असं म्हणत होते आणि त्याच दमात ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणं कसं गरजेचं आहे तेही सांगत होते. हे दोन शब्द कुणाच्या मेलमध्ये सापडले तर अधोरेखित करा.

दुसरा मेल, भेदभावाचा उघड उल्लेख असलेला, वकिलाला दाखवूनच पाठवावा. आणि मधल्या काळात एचआरचं नाव घेऊन इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकू नका. अब्रुनुकसानीची नोटीस आली की तुमची शक्ती त्यातच जाते.

एकाचं प्रकरण की कंपनीची रीत?

एका नकाराला शंभर कारणं देता येतात. शंभर नकारांना एकच कारण लागतं. त्यामुळे संघटना, कॉलेजचा प्लेसमेंट सेल किंवा संशोधक सोबत असतील तर आकडे जमवा.

अमेरिकेत १९७८ पासून चार-पंचमांशाचा ठोकताळा वापरतात: एका गटाच्या निवडीचं प्रमाण सर्वाधिक निवड झालेल्या गटाच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर संशयाला जागा आहे. कल्पित उदाहरण घेऊ. एका गटाचे १२० अर्ज, ३६ शॉर्टलिस्ट, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या गटाचे ५० अर्ज, ७ शॉर्टलिस्ट, म्हणजे १४ टक्के. १४ भागिले ३० म्हणजे ०.४७. ०.८ च्या खूप खाली. चाळणी सारखीच असती, म्हणजे एकूण १७० अर्जांतून ४३ हेच प्रमाण दोघांना लागलं असतं, तर दुसऱ्या गटातून ७ नव्हे, १२-१३ जण आले असते. हा ठोकताळा भारतात बंधनकारक नाही, पण वरवर तटस्थ दिसणारी अटही भेदभाव करू शकते हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा खटल्यात मान्य केलं आहे. सरकारी भरतीत ते वापरता येतं.

दुसरा मार्ग जोडीच्या अर्जांचा. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे हेच केलं: इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. जात कुठेही लिहिलेली नव्हती. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याचं प्रमाण साधारण दोन-तृतीयांश भरलं, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. २०२२ मध्ये लेड बाय फाउंडेशनने हिंदू आणि मुस्लिम नावांच्या दोन स्त्रियांचे सारखे प्रोफाइल हजार नोकऱ्यांसाठी पाठवले. प्रतिसाद २०८ आणि १०३. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या अशाच प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा फरक दिसला नव्हता, कॉल सेंटरमध्ये दिसला होता. क्षेत्र बदललं की चित्र बदलतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा आपल्या प्रकरणात चिकटवू नका.

असा प्रयोग करायचा तर बनावट मार्कशीट, खोटं आधार, खोटे दाखले यांच्या वाटेला अजिबात जायचं नाही; तो तुमच्यावरच गुन्हा होईल. खऱ्या दोन माणसांचे खरे, जुळते सीव्ही हा सुरक्षित मार्ग. कॉल आला की नाही एवढंच नोंदवा आणि लगेच नम्रपणे माघार घ्या, मालकाचा वेळ घेऊ नका. कोणाचा अर्ज आधी जाणार हे नाणेफेकीने ठरवा.

निकाल वाचताना दोघांनाही बोलावलं किंवा कोणालाच नाही, त्या जोड्या सोडून द्या. उरलेल्याच बोलतात. समजा ४० जाहिरातींत फक्त ‘अ’ला बोलावलं असं ९ वेळा झालं, फक्त ‘ब’ला असं २ वेळा. ठळक वाटतं ना? पण निव्वळ नाणं उडवूनही इतका किंवा याहून एकतर्फी निकाल शंभरात सहा-सात वेळा येतो. जाणकार याला पुरेसा म्हणणार नाहीत. तेच १२ विरुद्ध २ झालं तर योगायोगाची शक्यता शंभरात साधारण एकावर येते. म्हणजे दहा-पंधरा अर्जांवर छाती ठोकून बोलू नये.

सरकारी भरती असेल तर

इथे माहिती अधिकार हे खरं हत्यार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. राज्य सरकारच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. मागायचं काय? शॉर्टलिस्टिंगचा निकष ज्या टिपणीवर मंजूर झाला त्या टिपणीची तारखेसह प्रत. माझ्या अर्जाची छाननी पत्रिका. प्रवर्गनिहाय किती अर्ज आले आणि किती शॉर्टलिस्ट झाले. ही कागदपत्रं किती काळ जतन करायची असतात, तो नियम.

प्रवर्गनिहाय बेरीज मागण्यात खुबी आहे. त्यात कोणाचं नाव नसतं, त्यामुळे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारणं अवघड जातं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक भरतीतले इतर उमेदवारांचे गुण द्यायला सांगितले होते खरे, पण नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम जास्त कडक झालं आहे. नावं मागायचीच असतील तर त्याच कायद्याच्या कलम ८(२) खाली व्यापक जनहित काय ते दोन ओळींत लिहा.

तारखेचा मुद्दा महत्त्वाचा. खूप अर्ज आले तर नियमापेक्षा वरचा निकष लावून संख्या कमी करणं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ पासून मान्य केलं आहे, पण तो निकष मनमानी नको. आणि भरती सुरू झाल्यावर मध्येच खेळाचे नियम बदलता येत नाहीत, हे नोव्हेंबर २०२४ च्या तेजप्रकाश पाठक निकालात घटनापीठाने पुन्हा सांगितलं. निकष मंजूर झाल्याची तारीख अर्जांची मुदत संपल्यानंतरची निघाली, तर भेदभाव सिद्ध न होताही शॉर्टलिस्ट रद्द होऊ शकते. कधीकधी हीच वाट जवळची असते.

राज्य सरकारच्या पदासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, केंद्राच्या पदासाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण (कॅट), दोन्हीकडे साधारण एका वर्षाची मुदत. महापालिकेच्या पदासाठी थेट उच्च न्यायालयात रिट. आरटीआयच्या अपिलांत वर्ष उलटून जातं, म्हणून अपील चालू असतानाच वकिलाला गाठा.

तक्रार देताना

अनुसूचित जातीच्या उमेदवाराने राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाच्या पुणे कार्यालयाकडे लिहावं. महाराष्ट्राचं काम तिथून चालतं. आयोगाला साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि कंपनीची ती एक्सेल शीट बाहेर काढण्याचा खासगी क्षेत्रातला तो बहुधा एकमेव स्वस्त मार्ग आहे. तक्रारीत ‘माझ्या अर्जाच्या तारखेच्या आसपासचे सर्व सीव्ही, रिमार्क्सचा रकाना आणि कन्सल्टन्सीशी झालेला पत्रव्यवहार मागवावा’ अशी मागणी नेमकी लिहा. मोघम मागणीला मोघम उत्तर येतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, पहिल्या हजारात असेल तर शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने घालून दिलेल्या बीआरएसआर या वार्षिक जबाबदारी अहवालात तिला कामाच्या ठिकाणच्या भेदभावाच्या तक्रारींचा आकडा द्यावा लागतो. तो रकाना कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी आहे, उमेदवारांसाठी नाही. तरी कंपनी सेक्रेटरीला प्रत गेली की एचआरपेक्षा लवकर हालचाल होते.

पोलिसांकडे जायचं तर नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या ४ थ्या कलमाची शिक्षा ६ महिन्यांपर्यंतची आहे, त्यामुळे न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एका वर्षाची. ॲट्रॉसिटीचा तपास मुंबईत एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने डीसीपींना पाठवा, पोच जपा, आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना जातीचा दाखला, जाहिरातीची पीडीएफ, पाठवलेला सीव्ही, दोन्ही मेल आणि तो तुलनेचा तक्ता एवढं पुरतं. बाकीचं वकील विचारेल तसं काढून द्या.